सावित्रीकाठच्या शाळा : महाड व पोलादपूर भागातील विद्याभ्यासाचा पूर्ववृत्तान्त

शाळा हा शब्द उच्चारताच हल्लीच्या मुलाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : इयत्ता, घंटा, फळा आणि वर्षअखेरची परीक्षा. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी शाळा नाना तऱ्हेच्या असत, आणि कोणत्या शाळेचे दार कोणाच्या मुलास उघडे आहे यावर त्या मुलाचे उभे आयुष्य ठरत असे. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या इतिहासात ही गोष्ट फार ठसठशीत दिसते, म्हणून तिचे थोडे विवेचन येथे करण्याचे योजिले आहे.

इंग्रजी अमलापूर्वी वैदिक घराण्यांतील मुले गुरुगृही संस्कृत अध्ययन करीत. वाणी, कारकून व कुलकर्णी यांच्या मुलांकरिता पंतोजींची गावठी शाळा असे. ती कोणाच्या ओसरीवर अथवा देवळात भरे. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडीचे वळण घोटीत आणि सायंकाळी पावकी-निमकी एका सुरात म्हणत. पंतोजींस ठरीव वेतन नसे. धान्य व सणावारी शिधा यांवर त्यांचा निर्वाह चाले. हिशेब व पत्रलेखन यांपलीकडे ही विद्या सहसा जात नसे. मुलींना व अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर ती ठाऊकच नव्हती.

नव्या धर्तीच्या शाळांचे वारे आले ते सावित्रीच्या मुखाकडून. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल बाणकोटास येऊन राहिले, व त्यांच्या मंडळीने दक्षिण कोकणात मराठी शाळा उघडल्या. ते आपल्या पंथाचे नव्हते. तथापि श्रेय ज्याचे त्यास द्यावयास संकोच कशाला?

पुढे १८५४ च्या खलित्यान्वये सरकारी विद्याखाते स्थापन झाले, खासगी शाळांस सरकारी ग्रँट मिळू लागली, आणि लोकल बोर्डांची स्थापना झाल्यावर खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांजकडे गेल्या. तेव्हापासून विद्येच्या दोन वाटा पडल्या. एक मराठी शाळेची : सातवी इयत्ता होऊन व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाला की मुलगा मास्तर किंवा तलाठी होई. दुसरी इंग्रजी शाळेची : मराठी चार इयत्ता झाल्यावर इंग्रजी पहिलीत नाव घालावयाचे व सातवीअखेर मॅट्रिकला बसावयाचे, त्यापुढे मुंबईचे कॉलेज. पोलादपूर हा त्या वेळी महाडचा पेटा. आंबेनळी व कशेडी घाटांच्या पायथ्याच्या कुणब्याच्या मुलास मराठी शाळाच कष्टाने लाभे. इंग्रजी शाळेकरिता दहा-बारा मैलांवर महाडास बिऱ्हाड कोण करून देणार? महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे केलेली तक्रार हीच होती, की सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते आणि कर भरणाऱ्या रयतेची प्राथमिक शाळा उपाशी राहते.

तिसरा एक प्रकार हल्ली विस्मृतीत गेला आहे. तो म्हणजे पलटणीतील शाळा. मुंबई इलाख्याच्या लष्करात महार शिपाई व त्यांची मुले यांना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे हवालदाराच्या हुद्द्यावरून १८८६ मध्ये निवृत्त झाले व १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा मोठी खळबळ माजली. गावच्या शाळेने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेविले त्यांना पलटणीने साक्षर केले, हा विलक्षण योग होय. परंतु त्याच दशकात महारांची भरती बंद झाल्याने तीही वाट मिटली.

मग मुले गावच्याच शाळेचे दार ठोठावू लागली. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे (जन्म १९०३) यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण केली. तथापि महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना जातीमुळे प्रवेश नाकारण्यात आला. अकरा वर्षांच्या त्या मुलाने लेखी तक्रार केली. अखेर प्रवेश मिळाला, पण बसावयाची जागा निराळी. सरकारी ग्रँट घेणाऱ्या शाळेने असे करावे, यास आमच्या मते अज्ञान हे निमित्त पुरेसे नाही.

रावबहादूर सी. के. बोले यांचा १९२३ चा कौन्सिलातील ठराव सर्वांस ठाऊक आहे तो पाणवठ्यांमुळे. परंतु सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने यांचाही त्यात समावेश होता, हे फारसे कोणी सांगत नाही. १९२४ मध्ये महाड म्युनिसिपालिटीने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, व तो कागदावरच राहिल्याने १९ व २० मार्च १९२७ रोजी येथे परिषद भरून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले. ती परिषद भरविण्यात पुढाकार घेणारे मोरे म्हणजे तोच वर्गापासून वेगळा बसविलेला विद्यार्थी.

स्वातंत्र्योत्तर काळातील बदल थोडक्यात सांगता येतील. मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, १९६२ साली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या, लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. पोलादपुरातही सुंदरराव मोरे महाविद्यालय निघाल्याने पदवीकरिता घर सोडण्याची सक्ती राहिली नाही.

महाडचे महाविद्यालय मात्र त्याआधीचे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९६१ मध्ये काढिले व त्यास त्यांचेच नाव दिले. त्या वेळी लाडवलीचे मोरे हयात होते.