सकळ लिपीपासून यूपीआयच्या पिनपर्यंत

गुप्त लेखनाची मराठी कुळकथा सांगायची तर सुरुवात महानुभाव पंथापासूनच करावी लागते. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी रचली, असे परंपरा मानते. पंथाचे ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह लिहायचे. पुढे सुंदरी लिपी, अंकलिपी अशा आणखी लिप्या निघाल्या. गुपित पाचशेहून अधिक वर्षे टिकले. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने विसाव्या शतकाच्या आरंभी ते उलगडले आणि आद्य मराठी गद्याचे भांडार अभ्यासकांना खुले झाले. गुप्त लेखनाच्या जागतिक इतिहासात या पोथ्यांना मानाचे पान मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

या लिपीत एक उणीव मात्र होती. चिन्ह बदलले तरी अक्षराची सवय बदलत नाही. 'लीळाचरित्र' या पंथाच्या ग्रंथात पंथसंस्थापक चक्रधरांना वारंवार 'सर्वज्ञ' म्हटले आहे. तीच चिन्हे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा दिसू लागली की जाणता वाचक शब्द ओळखतो, आणि एका शब्दातून चार-पाच अक्षरे हाती लागतात. वारंवार येणारी अक्षरे मोजून लिपी फोडता येते, हे अरब विद्वान अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते.

सकळ लिपीत पद्धत हेच गुपित होते; ती कळली की सारे उघडे. याउलट १८८३ साली गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगुस्त केरकोफ्स यांनी मांडले की, पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, त्या पद्धतीत वापरलेली गुप्त किल्ली तेवढी कळता कामा नये. आजच्या कूटलेखनाचा सारा डोलारा या तत्त्वावर उभा आहे. २००१ साली अमेरिकेने मानक म्हणून स्वीकारलेल्या एईएस या कूटलेखनाची पद्धत कुणीही वाचू शकतो. त्यात मजकुराचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे किमान दहा फेऱ्यांत बदलले, सरकवले, मिसळले जातात आणि दर फेरीत किल्लीचा अंश मिळवला जातो. एक बिट बदलला तरी सगळा तुकडा पालटतो. १२८ बिटांच्या शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी आहे.

विंझर गावातल्या दुकानात क्यूआर स्कॅन करून यूपीआयने तेल-साखरेचे पैसे देताना हेच तत्त्व कामी येते. पिन टाकायचा पडदा ॲपचा नसतो, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचा असतो. पिन फोनमध्येच कूटबद्ध होतो, ॲपवाल्या कंपनीलाही दिसत नाही. संदेश वाटेत असताना त्याच्यावर त्या जोडणीपुरत्या किल्लीचे कुलूप असते. फोनमध्ये साठवलेल्या फोटो-कागदपत्रांवर दुसरे कुलूप असते आणि त्याची किल्ली फोनच्या चिपला बांधलेली असते. म्हणून 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा भामटा या गणिताच्या वाटेलाच जात नाही. तो सरळ पिन विचारतो.