पाण्याचा हिशेब

माझ्या कपाटात एक जुनी वही आहे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे ‘आत’, उजवीकडे ‘बाहेर’. आत म्हणजे चहा अर्धा कप, वरणाचे पाणी एक वाटी, गोळीसोबत दोन घोट. बाहेर म्हणजे लघवी आणि उलटी, दोन्ही मोजून. पानाच्या तळाशी सकाळचे वजन. माझ्या वडिलांच्या अखेरच्या चौदा महिन्यांची ही वही आहे. या लेखाचे मूळ तीच.

१९९८चा उन्हाळा होता. आमचे नेर, जुन्या लोकांच्या तोंडी नेर परसोपंत, यवतमाळ–अमरावती रस्त्यावर आहे. इकडचा मे महिना कसा असतो ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. बाबांना जुना मधुमेह. अन्न जाईना, पाय सुजलेले, अंगात त्राण नाही. उन्हाने पाणी कमी झाले, हे निदान आम्ही घरीच करून टाकले आणि जवळच्या एका दवाखान्यात जाऊन म्हणालो, “डॉक्टरसाहेब, सलाईन लावून द्या.” त्यांनी दोन बाटल्या लावल्या. लघवी किती होते, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. रात्री बाबांना आडवे होता येईना. छातीत पाणी भरले होते. मूत्रपिंडे आधीच थकलेली आणि आम्ही त्यांच्यावर आणखी दोन बाटल्यांचे ओझे टाकले होते.

गाडी करून मोठ्या शहरात नेले. तिथल्या सिस्टरने पहिलाच प्रश्न केला, “दादा, कालपासून बाबांना लघवी किती झाली?” माझ्याकडे उत्तर नव्हते. चार दिवसांनी घरी सोडताना तिने मला वही आणायला लावली, पहिली उभी रेघ स्वतः मारली आणि म्हणाली, “आत जाते ते लिहा अन् बाहेर येते तेही लिहा. वजन रोज सकाळी, चहाच्या आधी. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नाही, पाणी आहे.”

मी बियाणे-खतांच्या दुकानात बसणारा माणूस. जमाखर्च लिहिण्याची सवय होती, त्यामुळे हा हिशेब जमला. पण माणसाच्या शरीराची अशी खतावणी पहिल्यांदा कुणी आणि का मांडली, हा प्रश्न बाबा गेल्यावरही सुटला नाही. त्यामागे लागून जे वाचले, ते इथे मांडतो.

या इतिहासाला दोन टोके आहेत. एका टोकाला पाणी नाही म्हणून मरणारा माणूस, दुसऱ्या टोकाला पाणी बाहेर पडत नाही म्हणून मरणारा.

पहिले टोक पटकीचे. १८३१ साली ब्रिटनमध्ये पटकी पोहोचली. विल्यम ओशॉनसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले आहेत. (हाच ओशॉनसी पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानातली तारयंत्रे त्याच्या देखरेखीखाली उभी राहिली.) त्याच्या निष्कर्षावर विसंबून १८३२ मध्ये लीथच्या थॉमस लॅटाने एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मीठ-पाणी सोडले. सुमारे अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक. डोळ्यांत तेज आले, नाडी लागली. लॅटा तिला रुग्णालयाच्या शल्यवैद्यावर सोपवून निघून गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या आणि तो गेल्यापासून साडेपाच तासांत ती वारली. हे सारे लॅटाने स्वतःच ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात कळवले.

वैद्यकाचे इतिहासकार हा प्रसंग सलाईनच्या जन्माचा म्हणून सांगतात. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. उपचार बरोबर होता. पण जेवढे बाहेर जात होते तेवढे आत घालत राहायला, उशाशी बसून मोजणारे कुणी नव्हते.

दुसरे टोक मूत्रपिंडाचे. लंडनच्या गाइज रुग्णालयात रिचर्ड ब्राइटने १८२७ मध्ये सूज, लघवीतून जाणारे प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचे नाते मांडले. रोग ओळखता आला, पण त्यानंतर शंभर वर्षे हाती फारसे काही नव्हते. लघवी बंद पडली की भरपूर पाणी पाजून मूत्रपिंडे ‘धुऊन’ काढायची, हीच रीत बराच काळ होती. म्हणजे आम्ही नेरमध्ये केलेली चूक मोठमोठ्या रुग्णालयांनीही केली होती.

ती रीत मोडली दुसऱ्या महायुद्धानंतर. हॉलंडमध्ये विलेम कोल्फने १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातल्या काम्पेन गावी, सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात त्या सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवले. पहिल्या सोळा रोग्यांपैकी जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये सतरावी रोगी, ६७ वर्षांची एक बाई, वाचली. कोल्फने एक यंत्र लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाला दिले. पण तिथल्या ग्रॅहॅम बुल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते बाजूला ठेवून १९४९ मध्ये वेगळाच उपाय मांडला. लघवी बंद असलेल्या रोग्याला दिवसाला सुमारे एक लिटरच द्रव, नाकातल्या नळीने. त्यात ४०० ग्रॅम ग्लुकोज आणि १०० ग्रॅम शेंगदाण्याचे तेल. प्रथिन नाही, मीठ नाही. उलटी झाली तर ती गाळून पुन्हा नळीतून द्यायची. लेख डॉक्टरांच्या नावे आहे. पण ती उलटी कुणी गाळली असेल, थेंब थेंब नळी कुणी सांभाळली असेल, याचे उत्तर शोधायला पुरावा लागत नाही.

आजही हिशेब त्याच जातीचा आहे. काल जेवढी लघवी, त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचा (घाम आणि श्वास यांतून जाणारे पाणी) आणि तेवढेच आज प्यायचे. ताप असेल, ऊन असेल तर डॉक्टर आकडा बदलतात.

आता आपल्याकडे वळू. असा हिशेब ठेवायला माणूस लागतो, आणि नेमके तेच माणूस आपल्याकडे नव्हते. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे सोवळ्याओवळ्याच्या समाजात हलके काम. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे तिथल्या स्त्रियांना, त्यात विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा लोकांच्या नाराजीला तोंड द्यावे लागले. १९४६च्या भोर समितीच्या अहवालात देशभरात सुमारे सात हजार परिचारिका नोंदल्या आहेत. ४३ हजार लोकांमागे एक. दर तासाला भांडे मोजणार कोण? रोग्याच्या घरचे. पण त्यांना कुणी शिकवले नव्हते. मोजमाप नाही तिथे बाटली आली, आणि सलाईन हे खेड्यापाड्यांत ‘ताकदीचे पाणी’ होऊन बसले.

शिकवले तर घरचे काय करू शकतात, तेही याच इतिहासात आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. पाजणाऱ्या बहुतेक आया आणि बहिणी होत्या.

२०१६ नंतर राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस येऊ लागले. तिथल्या परिचारिकेचे काम मी अनेकदा पाहिले आहे. आधी वजन, नंतर वजन; मधला फरक म्हणजे काढलेले पाणी. फिस्टुला केलेल्या हातावर रक्तदाब घ्यायचा नाही, सुई टोचायची नाही. आणि दर खेपेला तीच शिकवण: ताक, रस्सा, टरबूज हे सगळे पाण्यातच धरा, लोणचे-पापड सोडा, म्हणजे तहानच कमी लागेल, दिवसभराचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा. आमच्याकडच्या मे महिन्यात पाहुण्यापुढे आधी पाण्याचा गडवा ठेवतात. त्या घरात तहानलेल्या बापाला ‘पुरे’ म्हणणे किती जड जाते, ते मी केले आहे म्हणून सांगतो.

वहीतले पहिले पान सिस्टरच्या अक्षरात आहे. तारीख, वजन, ३५० मिलि आत, २०० बाहेर. बाकीची पाने माझी. लॅटाच्या रोग्याजवळ कोण होते, बुलची नळी कोण सांभाळत होते, त्यांची नावे का नोंदली नाहीत, म्हणून मी इतिहासाला दोष देत आलो. हा लेख लिहायला वही पुन्हा चाळली, तेव्हा दिसले की चौदा महिन्यांत मी प्रत्येक घोट लिहिला आहे. तिचे नाव विचारून लिहून ठेवायचे मात्र मलाही सुचले नव्हते.