एरंडकुलातले मुंबईकर

मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी छापील सूची 1839 साली निघाली. तिचे कर्ते जॉन ग्रॅहम हे पोस्टखात्यातले अधिकारी. पुस्तक पुरते छापून होण्याआधीच ते वारले आणि उरलेले काम निम्मो यांनी तडीस नेले. या सूचीच्या लांबलचक इंग्रजी शीर्षकात ग्रॅहम यांनी झाडांचे तीन वर्ग सांगून टाकले आहेत : आपोआप उगवणारी, लागवडीतली आणि बाहेरून आणलेली. वाटणी सोपी वाटते. पण एरंडकुलापुरती ती तपासायला घेतली, की इथले कोण आणि उपरे कोण हा हिशेब भलताच गुंतागुंतीचा होतो.

समुद्रात एकाकी पडलेल्या बेटांवर हा प्रश्न निराळा असतो. हवाईत याच कुलातल्या, जमिनीलगत वाढणाऱ्या पूर्वजांपासून चक्क झुडपे आणि झाडे घडली. ती जगात दुसरीकडे नाहीत. मुंबईची सात बेटे मात्र किनाऱ्याला खेटून, खाड्यांच्या चिखलात उभी होती. कोकणात जे उगवे, तेच इथे. त्या चिखलातला अस्सल रहिवासी म्हणजे गेवा. तिवरांच्या सोबतीने भरतीच्या रेषेवर वाढणारे हे झाड पाने गळण्याआधी तांबूस होते. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ अंधत्व येते, म्हणून तोडणारे जपून तोडत. माणसाने नव्हे, भरतीच्या पाण्याने त्याचे बी आणून लावले. पण ज्या कडेवर तो उभा होता, ती कडाच आपण बुजवत गेलो. अठराव्या शतकात वरळीचा बांध झाला, 1845 मध्ये माहीमचा रस्ता झाला, 1908 ते 1912 या काळात माझगाव-शिवडीची भरणी झाली. भरतीचे पाणी अडले, तिथे गेव्याचे काम संपले.

भरणीच्या उघड्या जमिनीवर मग कोण येणार? एरंड. झाडे नसलेल्या मुलखात एरंडसुद्धा वृक्ष म्हणून मिरवतो, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आहे. त्यात एरंडाची टिंगल आहे, पण वनस्पतिशास्त्र चोख आहे. राडारोडा, राख, खडी, काहीही त्याला चालते. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा त्यांच्या आवारात डोक्यावर गेलेले एरंड मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यात एक योगायोग होता. सुती कापड रंगवताना वापरतात ते टर्की रेड ऑइल म्हणजे गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले एरंडेलच. पिंपांतून जे गिरणीच्या आत जात होते, ते आता भिंतीच्या फटीतून वर येत होते.

हा एरंड तरी मूळचा इथला आहे का? त्याचे मूळ घर ईशान्य आफ्रिका मानतात. पण तो इतका जुना पाहुणा आहे, की आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत तो ठाण मांडून बसला आहे. चाळीच्या पटांगणात होळी रचताना खड्ड्यात मधोमध एरंडाची फांदी उभी करतात, आणि ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ तर आपण रोजच्या बोलण्यात घालतो. एवढे झाल्यावर त्याला उपरा म्हणणे मला तरी जमत नाही.

त्याच्या भाऊबंदाला मात्र भाषेने माफ केले नाही. मध्य अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आलेल्या झुडपाला आपण मोगली एरंड म्हणतो. मोगलांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही; ‘मोगली’ म्हणजे परका, एवढाच अर्थ. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला तो लावला गेला. उलट पदपथाच्या सांध्यांत पसरलेली नायटी हीही अमेरिकेचीच, पण अंगावरच्या नायट्यावर तिचा चीक लावता लावता लोकांनी तिला घरचे नाव देऊन टाकले. तिच्या शेजारची खोकली मात्र जुनी इथलीच. (तिच्या मुळावर मांजरे लोळतात, ज्याच्या दारी मांजर आहे त्याने पाहावे.)

सगळ्यात गमतीचा प्रकार साबुदाण्याचा. हा शब्द मलायी ‘सागू’वरून आला, आणि पूर्वीचा साबुदाणा त्या बाजूच्या सागू ताडाच्या खोडातल्या पिठाचा असे. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल बंद झाला आणि 1943 च्या सुमारास सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून तसेच दाणे बनू लागले. टॅपिओका एरंडकुलातला, मूळ दक्षिण अमेरिकेतला. नाव तेच राहिले, झाड बदलले, आणि गिरगाव-दादरच्या स्वयंपाकघरांतली एकादशी न मोडता चालू राहिली.

ग्रॅहम ज्या कृषी-उद्यान संस्थेशी निगडित होते, तिची बाग शिवडीला होती. 1865 मध्ये ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली. भायखळ्याला राणीची बाग त्याआधीच, 1862 मध्ये, उघडली होती. तिथून पुढे क्रोटन आणि पॉइन्सेटिया बंगल्यांच्या अंगणांत व चाळींच्या गॅलऱ्यांत पोहोचले. शिवडीच्या बंदरापलीकडे चिखल अजून आहे, तिवरेही आहेत. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी पाहायला गर्दी होते. भरतीच्या कडेला एखादे झाड तांबूस पानांचे दिसले, तर ते गेव्याचे असू शकते. फांदी मात्र मोडू नये.