रोटरी ट्रिमर : धार पात्याला हवी, जोर हाताला नको

संगणक आणि प्रिंटर घरोघरी आल्यापासून निमंत्रणपत्रिका, शाळेतले प्रकल्प, छायाचित्रे, दुकानातील किंमतपट्ट्या अशी अनेक कामे घरच्या टेबलावरच होऊ लागली. छपाई नेटकी होते, पण कात्रीने कापलेली कड हमखास वाकडी जाते. त्यासाठी घेतले जाणारे साधन म्हणजे रोटरी ट्रिमर. ते वापरायला सोपे आहे, आणि बहुधा त्यामुळेच त्याच्याकडे निष्काळजीपणे पाहिले जाते.

जुन्या कार्यालयांतील पेपर कटरचे लांब पाते अडकित्त्याप्रमाणे वरून खाली येते आणि काम नसतानाही उघडे राहते. रोटरी ट्रिमरचे पाते गोल असते, करंजीची कड कातरणाऱ्या फिरकीसारखे. धार मात्र वस्तऱ्याची. ते आवरणात बसवलेले असून रुळावरून सरकते. गोल पात्याचा हातकटर जपानमधील ओसाका येथील ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणला, तो मुळात कापड बेतण्यासाठी. रुळावरचा ट्रिमर त्याच तत्त्वावर चालतो.

या यंत्राचे दोन प्रकार आहेत. भारी यंत्रांत पाते खालच्या पोलादी कडेला घासत जाते आणि कात्रीसारखे काम करते. घरगुती यंत्रांत ते प्लास्टिकच्या पट्टीवर टेकून फिरते. या पट्टीवर कालांतराने खोल खाच पडते आणि कागदाची कड पिंजल्यासारखी निघू लागते. दोष पात्याला दिला जातो. प्रत्यक्षात पट्टी उलटी बसवली किंवा बदलली की काम होते.

दोष कोणाचा हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ४५ मिलिमीटर व्यासाच्या पात्याचा परीघ सुमारे १४१ मिलिमीटर असतो, २८ मिलिमीटरच्या पात्याचा सुमारे ८८. कागद दर तेवढ्या अंतरावर न कापता राहत असेल, तर पात्याच्या धारेला खोच पडली आहे. प्रत्येक वेळी एकाच जागी राहत असेल, तर पट्टी खराब आहे. धारेची परीक्षा वर्तमानपत्राच्या एका पानावर घ्यावी. इतका पातळ कागद बोथट पात्याने कापला जात नाही, फाटतो.

बोथट पाते हेच धोक्याचे मूळ. कागद कापला जात नाही म्हणून माणूस मूठ दाबतो. दाबामुळे कागद बाजूला सरकतो, तो धरण्यासाठी दुसऱ्या हाताची बोटे रुळाजवळ येतात, आणि नेमकी तेव्हाच मूठ घसरते. जाड कागदासाठी जोर वाढवण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा फिरवणे केव्हाही बरे. यंत्रावर लिहिलेली कागदांची संख्या साधारणतः ७० ते ८० ग्रॅम जाडीच्या कागदासाठी असते. ३०० ग्रॅमचे पत्रिकेचे कार्ड म्हणजे तसे जवळजवळ चार कागद. दहा कागदांच्या यंत्रात अशी दोन कार्डे बसतील, तरी एकेकच कापावे. स्टेपलरची पिन आधी काढावी. चमकीचा कागद धार लवकर घालवतो, त्यासाठी जुने पाते वेगळे ठेवावे.

यंत्र सपाट टेबलावर ठेवावे, मांडीवर नव्हे. शक्यतो उभे राहून काम करावे. कागद वरच्या काटकोनी कडेला टेकवून दाबपट्टी खाली घ्यावी, तिच्यावरचा हात कापण्याच्या रेषेपासून दूर आणि अंगठा आत दुमडलेला असावा. मूठ एका दमात, सारख्या गतीने न्यावी. काटकोन खरा आहे का, हे पाहण्यासाठी एक कागद मधोमध कापून एक तुकडा उलटा करून दुसऱ्यावर ठेवावा आणि खालचा कोपरा जुळवावा. वर फट दिसली, तर यंत्राची चूक तिच्या निम्मी आहे. ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. १४८ वर कापला की दुसरा तुकडा १४९ चा उरतो. वहीसाठी हे चालते, एकसारख्या पत्रिकांसाठी नाही.

पाते आवरणाबाहेर येते ते बदलताना, आणि त्या वेळी यंत्राची सारी सुरक्षितता संपते. हे काम मुलांकडे देऊ नये. चकती धारेला नव्हे, सपाट बाजूंनी धरावी. जाड कागदात धरल्यास उत्तम. नव्या डबीतील चकत्या तेलाच्या पातळ थराने एकमेकींना चिकटलेल्या असतात, दोन एकदम बसवल्या गेल्या नाहीत ना हे पाहावे. बोट कापलेच तर हळद किंवा कॉफी न भरता वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. रक्त थांबत नसेल, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल, तर रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या लसीबाबतही डॉक्टरांना विचारावे.

जुने पाते कचऱ्याच्या पिशवीत टाकणे हा मात्र दुसऱ्याच्या हातावर केलेला वार ठरू शकतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदारचा कचरा गोळा करून वेगळा करतात. इतर शहरांतही हे काम बहुतांशी हातानेच होते. पत्र्याच्या छोट्या डबीत जुनी पाती साठवावीत. ती भरली की झाकण चिकटपट्टीने पक्के करावे, वर ठळक मराठीत ‘धारदार पाती’ असे लिहावे आणि डबी कचऱ्यात न मिसळता, आत काय आहे ते सांगून हातात द्यावी.