दोन्ही टोकांना षड्ज

सुरतेच्या गोडादऱ्यातील असो वा पुण्यातील, मराठी कानाची गिटारविषयी जुनी तक्रार एकच: तिला षड्जाचा आधार नाही. ही तक्रार अर्धीच खरी. कडेच्या दोन्ही ‘ई’ तारा एकेका पूर्ण स्वराने उतरवून ‘डी’वर आणाव्यात, डी हाच षड्ज धरला, की सा-प-सा-म-ध-सा असा मेळ लाभतो. नील यंग यांनी १९६९ च्या ‘सिनॅमन गर्ल’मध्ये हीच जुळणी योजिली. तत्पूर्वी १९६७ साली अहमदाबादचे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून ‘कॉल ऑफ द व्हॅली’त राग आळविले होते. उतरलेली तार सैल पडून किंचित कुरकुरते खरी. परंतु मालकंसासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आपणही उतरवितोच की!