बर्फापर्यंतचा फेरा : अलास्कातील हिमनदी-सहलींचा इतिहास

अलास्काची राजधानी असलेल्या जुनो शहराच्या धक्क्याला मोठे पर्यटक जहाज लागते, तेव्हा त्यावरील हजारो प्रवाशांच्या हाती काही तासांचा वेळ आणि सहलींची एक लांबलचक यादी असते. बसने मेंडेनहॉल हिमनदीसमोर जाऊन यावे, हेलिकॉप्टरने थेट बर्फावर उतरावे, की लहान बोटीने अरुंद खाडीत शिरून पाण्यात कोसळणारा हिमकडा पाहावा, ही निवड ज्याच्या त्याच्या आवडीवर आणि खिशावर सोडलेली आहे असे वरकरणी वाटते. परंतु या सहलींचा सुमारे एकशेचाळीस वर्षांचा इतिहास तपासला, तर कोणती हिमनदी पाहायची हे प्रवाशाने फार क्वचित ठरवले आहे असे दिसते. तो निर्णय बर्फाच्या पुढेमागे सरकण्याने, एका भूकंपाने, जहाजकंपन्यांच्या वेळापत्रकांनी आणि वॉशिंग्टनमध्ये संमत झालेल्या कायद्यांनी त्याच्या आधीच घेऊन ठेवलेला असतो.

आग्नेय अलास्काचा किनारा म्हणजे असंख्य बेटांची रांग आणि त्यांच्या आडोशाने जाणारा शांत जलमार्ग. खुल्या पॅसिफिकच्या लाटा येथे पोहोचत नसल्याने समुद्राची सवय नसलेल्या माणसालाही हा प्रवास मानवतो. बेटांच्या मागे एकदम उंच पर्वत उठतात, समुद्रावरून येणारे दमट वारे त्यांना अडतात आणि माथ्यावर प्रचंड हिमवृष्टी होते. हे हिम वर्षानुवर्षे दबून त्याचा बर्फ बनतो आणि पर्वतमाथ्यावर त्याचे विस्तीर्ण पठार साचते. अशा पठाराला हिमक्षेत्र म्हणतात, आणि जुनोच्या मागचे हिमक्षेत्र सुमारे 3,800 चौरस किलोमीटरांचे आहे. त्यातून दऱ्यांच्या वाटेने खाली सरकणारे बर्फाचे प्रवाह म्हणजे हिमनद्या. यांपैकी ज्या थेट समुद्रात उतरतात त्यांना सागरस्पर्शी हिमनद्या म्हणता येईल. त्यांच्या तोंडाशी बर्फाचे कडे तुटून पाण्यात कोसळतात, आणि जहाजावरच्या प्रवाशाला जे दृश्य हवे असते ते नेमके हेच.

युरोपीय दर्यावर्दी येथे येण्यापूर्वी हा सारा प्रदेश त्लिंगित लोकांचा होता. आज ग्लेशियर बे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपसागराच्या जागी एके काळी हुना त्लिंगितांची गावे होती आणि अठराव्या शतकात वेगाने पुढे आलेल्या बर्फाने त्यांना तेथून हुसकावले, अशी त्यांची मौखिक परंपरा सांगते. भूशास्त्रीय पुरावाही तिच्याशी जुळतो. 1794 साली जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी यांनी होड्यांतून या किनाऱ्याची पाहणी केली, तेव्हा उपसागर जवळजवळ पूर्णपणे बर्फाने भरलेला होता आणि आत शिरण्याजोगी केवळ एक उथळ खाच होती. 1867 साली अमेरिकेने अलास्का रशियाकडून 72 लाख डॉलरना विकत घेतले; त्यानंतर बारा वर्षांनी निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर मिशनरी एस. हॉल यंग यांच्यासह त्लिंगित वल्हेकऱ्यांच्या होडीतून येथे आले, तोवर बर्फाचे तोंड पन्नासाहून अधिक किलोमीटर मागे गेलेले होते. म्यूर यांना या उपसागराचा ‘शोधक’ म्हणण्याची प्रथा पुढे पडली. ती फारशी समर्थनीय नाही, कारण त्यांना येथवर आणणारे नावाडी त्लिंगित होते आणि उपसागरातील पुढची वाट दाखवायला तेथेच सीलची शिकार करणाऱ्या हुना लोकांपैकी एक वाटाड्या सोबत घ्यावा लागला होता.

म्यूर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रांमुळे बर्फाच्या या प्रदेशाची कीर्ती झाली खरी. मात्र कीर्तीचे रूपांतर सहलीत होण्यासाठी जहाज आणि रेल्वे लागत होती. 1883 हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा मार्ग पुरा होऊन पूर्वेकडील श्रीमंत शहरे पॅसिफिक किनाऱ्याच्या उत्तर भागाशी जोडली गेली, आणि त्याच उन्हाळ्यात कप्तान जेम्स कॅरल यांनी ‘आयडाहो’ ही आगबोट ग्लेशियर बेमध्ये नेऊन तेथील सर्वांत मोठ्या हिमनदीला म्यूर यांचे नाव दिले. या बोटीवर एलायझा रुहामा सिडमोर ही तरुण पत्रकार होती. तिचे अलास्कावरील पुस्तक 1885 साली निघाले आणि 1893 साली तिने याच प्रदेशाची एक मार्गदर्शिकाही लिहिली. म्हणजे हिमनदीचे वर्णन करणारी लेखिकाच दहा वर्षांत ती कशी पाहावी हे सांगू लागली होती.

या सुरुवातीच्या सहलींत निवडीचा प्रश्नच नव्हता. पॅसिफिक कोस्ट स्टीमशिप कंपनीच्या आगबोटी टपाल, माल आणि प्रवासी एकत्रच नेत, बंदरांचा क्रम कंपनी ठरवी, आणि कळसाचे ठिकाण म्हणजे म्यूर हिमनदी हे सर्वांसाठी ठरलेले असे. बोट हिमकड्याच्या समोर नांगर टाकी, प्रवाशांना होड्यांतून किनाऱ्यावर उतरवले जाई आणि तेथून हिमोढावरून, म्हणजे हिमनदीने वाहून आणून टाकलेल्या दगड-मातीच्या राशींवरून, चालत त्यांना बर्फावर नेले जाई. या वाटेवर कंपनीने फळ्यांचा पदपथही बांधला होता. 1890 च्या उन्हाळ्यात म्यूर यांनी हिमनदीजवळ झोपडी बांधून मुक्काम केला, तेव्हा ‘क्वीन’ या बोटीतून एका वेळी दोनशेहून अधिक प्रवासी उतरलेले त्यांनी पाहिले, आणि त्या प्रवाशांच्या रिबिनी व नुकतेच बाजारात आलेले कोडॅक कॅमेरे त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. ज्या लेखणीने हे लोक येथे ओढून आणले तिच्याच धन्याला त्यांची गंमत वाटावी, हा प्रकार पर्यटनाच्या इतिहासात नवा नाही. त्याच सुमारास भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड हिमनदीचा नकाशा काढत होते, आणि वाटेतल्या बंदरांवर त्लिंगित स्त्रिया विणलेल्या टोपल्या प्रवाशांना विकत होत्या. एका मोसमी धंद्याची सारी अंगे दहा वर्षांच्या आत तयार झाली होती.

हा धंदा एका दिवसात मोडला. 10 सप्टेंबर 1899 रोजी याकुटाट उपसागराच्या परिसरात झालेल्या प्रचंड भूकंपाने म्यूर हिमनदीचे तोंड विस्कटले आणि तुटलेल्या बर्फाने ग्लेशियर बे इतका भरून गेला की पुढील काही वर्षे आगबोटींना हिमकड्याच्या जवळ जाता येईना. रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन यांची गाजलेली शास्त्रीय मोहीम त्याच वर्षी जूनमध्ये येथे येऊन गेली होती. तीन महिने उशीर झाला असता तर तिलाही माघारी फिरावे लागले असते. जहाजकंपन्यांनी मात्र ग्लेशियर बे पुन्हा मोकळा होण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी जुनोजवळच्या टाकू खाडीकडे मोर्चा वळवला, आणि टाकू हिमनदी ही नवी ठरलेली जागा बनली.

टाकूचे पुढे जे झाले ते या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण आहे, कारण ही हिमनदी मागे हटून नव्हे, तर पुढे येऊन प्रवाशांना दुरावली. 1890 च्या सुमारास तिच्या तोंडासमोर शंभर मीटरांच्या आसपास खोल पाणी होते. नंतरच्या दशकांत, भोवतालच्या बहुतेक हिमनद्या आटत असताना, टाकू पुढे सरकत राहिली आणि सरकताना तिने आपल्यासमोर गाळ ढकलत आणला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या गाळाचा बांध इतका वर आला की कडे पाण्यात कोसळणे थांबले आणि मोठ्या बोटींपुरते पाणीही उरले नाही. म्यूर हिमनदीची कथा याच्या नेमकी उलट आहे. सागरस्पर्शी हिमनदी स्वतः रचलेल्या गाळाच्या उंबरठ्यावर टेकलेली असते तोवर स्थिर राहते. तो सुटून तिचे तोंड खोल पाण्यात गेले की ती झपाट्याने तुटू लागते. 1941 आणि 2004 साली एकाच जागेवरून घेतलेल्या म्यूरच्या दोन छायाचित्रांपैकी पहिल्यात बर्फ आहे, दुसऱ्यात पाणी आणि हिरवे डोंगर. या काळात हिमनदी सुमारे 12 किलोमीटर मागे गेली, आणि 1990 च्या दशकात तिचा समुद्राशी संबंधही तुटला.

दरम्यान ग्लेशियर बेचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाढले. बर्फ हटलेल्या उघड्या जमिनीवर शेवाळापासून अरण्यापर्यंत वनस्पती कोणत्या क्रमाने वसती करतात हे पाहण्यासाठी विल्यम कूपर हे वनस्पतिशास्त्रज्ञ 1916 पासून येथे येत होते. त्यांच्या आणि अमेरिकन परिस्थितिकी संस्थेच्या प्रयत्नांनी 1925 साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. 1980 साली तो राष्ट्रीय उद्यान झाला. संरक्षणाची झळ सर्वांत आधी हुना लोकांना लागली, कारण पूर्वजांच्या पाण्यातील त्यांच्या शिकारीवर निर्बंध आले. उद्यानात त्यांचे सामुदायिक घर उभे राहायला 2016 साल उजाडले. पर्यटकांवरील निर्बंध नंतर आणि सौम्यपणे आले. 1978 साली उपसागरात येणाऱ्या कुबड्या देवमाशांची संख्या एकाएकी घटल्यावर जहाजांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्यात आल्या, आणि आज दिवसाला दोनच मोठी जहाजे आत जाऊ शकतात. त्यांवरील प्रवासी किनाऱ्यावर पाऊल ठेवत नाहीत. उद्यानाचे रक्षकच जहाजावर चढून त्यांना माहिती देतात. म्यूरच्या पदपथावरून चालणाऱ्या 1890 च्या प्रवाशाला ही व्यवस्था अपुरी वाटली असती, परंतु ती योग्यच म्हटली पाहिजे.

बर्फाला हात लावण्याची हौस मग जुनोकडे वळली. शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवरील मेंडेनहॉल हिमनदीपर्यंत मोटाररस्ता होता, आणि बाहेरच्या जगाशी रस्त्याने न जोडलेल्या शहरात ही सोय फार मोलाची ठरली. 1962 साली वनखात्याने तेथे अभ्यागत केंद्र उघडले. देशभरात त्या खात्याचे हे अशा प्रकारचे पहिले केंद्र. पुढे हेलिकॉप्टरची भर पडली आणि एका ठरलेल्या जागेची यादी झाली. या यादीचा वेळही कायद्याने मोजून दिलेला आहे. 1886 च्या प्रवासी-जहाज कायद्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत, म्हणून सिएटलहून निघणाऱ्या बहुतेक जहाजांना कॅनडातील एखाद्या बंदराला स्पर्श करावा लागतो आणि जुनोचा थांबा त्या गणितात बसवावा लागतो. महामारीच्या काळात कॅनडाने बंदरे मिटली, तेव्हा 2021 साली अलास्काचा मोसम वाचवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसला खास सवलतीचा कायदा करावा लागला होता.

आता यादीवर शहराचाही हात पडला आहे. सुमारे 32 हजार वस्तीच्या जुनोमध्ये 2023 साली सोळा लाखांहून अधिक जहाजप्रवासी आले, आणि 2024 पासून दिवसाला पाचच मोठ्या जहाजांची मर्यादा लागू झाली. शनिवार जहाजमुक्त ठेवण्याचा प्रस्ताव मात्र त्याच वर्षी मतदारांनी फेटाळला. मेंडेनहॉल मागे हटत चालली आहे आणि तिच्या अंगाच्या एका खोऱ्यात साठणारे पाणी 2011 पासून अधूनमधून एकदम फुटून खालच्या वस्तीत शिरते. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये त्याने मोठे पूर आणले. ऑगस्ट 2025 मध्येच, बोटसहलींसाठी प्रसिद्ध असलेल्या ट्रेसी आर्म खाडीत हिमनदीजवळचा डोंगर कोसळून त्सुनामी उसळली. महाराष्ट्रातून अलास्काच्या सहलीसाठी नाव नोंदवणाऱ्या प्रवाशाने जुनोची सहल निवडताना माहितीपत्रकातील हिमनदीचे छायाचित्र कोणत्या सालचे आहे, एवढे तरी आयोजकाला विचारून घ्यावे.