बोटीवरची माणसं

दहावीला दुसरे महायुद्ध शिकवताना सरांनी विचारले होते, "या लढाईशी आपल्या कोकणाचा काय संबंध?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले, "माझे आजोबा बोटीवर होते." सर म्हणाले, "घरी जाऊन विचार." तेवढ्यात घंटा झाली. प्रश्न परीक्षेत आला नाही, म्हणून आम्हीही तो विसरलो.

गेल्या दिवाळीत मुलाला एका जर्मन बॉम्बफेकी विमानाच्या मॉडेलचा संच मिळाला: हाइन्केल 177, मूळ विमानाच्या 72 पट लहान. खऱ्या पंखांचा विस्तार 31 मीटरहून जास्त, आमचा जेमतेम 44 सेंटीमीटर. पंखे दोनच दिसत होते, पण इंजिने मात्र चार! दोन-दोन इंजिने जोडून एकेक पंखा फिरवायचा, अशी रचना. त्या दाटीवाटीत तेल गळे आणि इंजिने पेट घेत. इंजिनिअर म्हणून मला ती चूक चांगलीच रोचक वाटली.

पंखाखाली लावायला एक छोटा भाग होता. मुलाने विचारले, "आई, हे काय?" तो हेन्शेल 293, विमानातून रेडिओने वळवता येणारा बॉम्ब. त्याचा इतिहास शोधताना मला 'रोहना' सापडली.

'रोहना' ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. भारताकडे निघालेले अमेरिकी सैनिक घेऊन ती भूमध्य समुद्रातून जात होती. 26 नोव्हेंबर 1943 रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ हाइन्केल 177 ने सोडलेला असाच एक बॉम्ब तिच्यावर आदळला आणि ती बुडाली. 1,015 अमेरिकी सैनिक गेले. बोटीवरचे शंभराहून जास्त कर्मचारीही गेले, त्यांत बहुतेक भारतीय. अमेरिकेने या घटनेचा तपशील अनेक वर्षे दाबून ठेवला. पुढे तिथल्या कुटुंबांनी आपल्या माणसांची माहिती खणून काढली. आपल्या खलाशांसाठी कोण खणणार?

त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून कितीतरी जण बोटीवर जात. कोणी सारंग, कोणी तांडेल, कोणी बॉयलरपाशी आगवाला, कोणी भंडारी. त्या युद्धात समुद्रातच राहिलेल्या सुमारे 6,000 भारतीय व्यापारी खलाशांची नावे मुंबईच्या मशीद बंदरजवळील खलाशी-गृहातल्या स्मरणपुस्तकात नोंदलेली आहेत. तशीच प्रत चितगावलाही आहे. आम्ही पाठ केले ते हिटलर, चर्चिल आणि सनावळ्या. त्या पुस्तकाचे नावही ऐकले नव्हते.

विमान पूर्ण झाले. मुलाने बॉम्ब लावायचा नाही असे ठरवले. तो भाग अजून डबीत आहे.

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा बोटीवर असतील, तर माळ्यावरची पेटी एकदा उघडा. जुना फोटो, नोकरीचा कागद, एखादे पत्र, जे मिळेल ते मेळाव्याला आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नावे विचारून लिहून ठेवा. अजून थोडी माणसे सांगणारी उरली आहेत.